तीस दालर वजनाचा साज

आमच्या खोऱ्यात शनिवार म्हणजे घर धुवायचा वार. बाया गुडघ्यावर बसून जमिनीच्या लाकडी फळ्या वाळूनं घासतात, पांढऱ्याफेक करतात आणि वर जुनिपरच्या सुवासिक झुडपाचे कोवळे शेंडे पसरतात. गरिबातल्या गरिबाच्या घरीही हे चुकत नाही. फक्त नेसच्या तारल्ड सोनाराच्या भट्टीला तीस वर्षांत पाण्याचा थेंब लागला नव्हता. कोळशाची काजळी, तंबाखूच्या पिचकाऱ्या, गिऱ्हाइकांच्या बुटांचं शेण, सगळं त्या फळ्यांनी पिऊन टाकलं होतं.

"तुज्या भट्टीपरास माजा गोठा निर्मळ," त्याची बायको ग्यूरो येताजाता म्हणायची. "गाय तरी एका कोपऱ्यात हागती."

"फळीला हात लावायचा न्हाय," तारल्ड कानस न थांबवता म्हणायचा. "ती माजं म्हातारपण हाय."

ते खोटं नव्हतं. आमच्याकडं सोनाराची रीतच तशी. ज्याला दागिना करायचा तो आपले दालर, म्हणजे चांदीची नाणी, घेऊन येतो. सोनार ते मुशीत वितळवतो, ठोकतो, तार ओढतो, आणि कानशीखालून जो चुरा उडतो तो सोनाराचा. चुरा फळीवर पडतो, भेगांत जातो, बुटाखाली लाकडात रुततो. हात कापायला लागले की सोनार एक दिवस फळ्या उपटतो, जाळतो, राख धुतो आणि जी चांदी निघेल तिच्यावर उरलेले दिवस काढतो. तारल्डचा गुरू तोरग्युस यानं बहात्तराव्या वर्षी फळी जाळली, सहा वर्षं बसून खाल्लं आणि उरल्यात स्वतःच्या मर्तिकाची दारू भागवली. फळी जळली म्हणजे भट्टी मिटली. दुसरी फळी कुणी टाकत नाही.

तारल्ड जन्माचा सोनार नव्हे. दुसऱ्याच्या रानात राबणाऱ्या कुळाचं ते तिसरं पोर. बाराव्या वर्षी नदीतून ओंडके सोडताना त्याचं डावं पाऊल चेचलं. शेतात निरुपयोगी झालं म्हणून बापानं तोरग्युसकडं आणून बसवलं. पाऊल गेलं तरी बोटं मात्र अशी निघाली की, चांदीची तार केसाइतकी बारीक ओढावी ती त्यानंच. छातीवरचं मोठं पदक, त्याला लोंबणाऱ्या पाकळ्या, गळ्याशी गुंड्या, मनगटाला साखळी असा पुरा साज तो करायचा. खोऱ्यात नवरी चर्चच्या पायरीवर आली की म्हातारी माणसं आधी तिच्या छातीकडं बघायची आणि मग तोंडाकडं, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नसे.

साज झाला की रविवारी प्रार्थना सुटल्यावर चर्चपुढच्या माळावर तो तोलायचा. तराजूच्या एका पारड्यात साज, दुसऱ्यात जमलेल्या लोकांकडून घेतलेले दालर. जेवढे दालर घरनं दिले होते तेवढे पारड्यात चढले की सोनार चोख. थोडी फार घट चालायची, त्यापेक्षा जास्त नाही. मग ज्यानं त्यानं आपला दालर परत उचलायचा. तारल्डचं पारडं तीस वर्षांत कधी उणं पडलं नव्हतं. एकदा नव्या फौजदारानं त्याला हटकलं होतं, की नाण्यावरचं राजाचं मुंडकं वितळवणं गुन्हा आहे.

"म्हून तर मी नाणं पालथं टाकतो मुशीत," तारल्ड म्हणाला होता. "राजेसायबास्नी कळाय नको, कुणी केलं ते."

फौजदार हसला आणि ते प्रकरण तिथंच मिटलं.

१८७३ सालच्या वसंतात, बर्फ नुकतं उतरणीला लागलं होतं, तेव्हा हाच फौजदार माळावरच्या दगडावर चढला आणि त्यानं कागद उघडला. सरकारी काही असलं की तो तिथंच वाचायचा. लोक पाठ करून तंबाखू मळत उभे राहायचे. त्या दिवशी मात्र हळूहळू सगळ्या पाठी फिरल्या. कागदात होतं ते असं, की डेन्मार्क, स्वीडन आणि आपण, तिघांनी मिळून एकच नाणं चालवायचं, असा प्रस्ताव संसदेपुढं आहे. त्या नाण्याचं नाव क्रोन. ते सोन्याशी बांधलेलं. इथलं तिथं चालेल, तिथलं इथं चालेल. जुन्या एका दालरला चार क्रोन. आपल्या खोऱ्याचं मत काय ते संसदेतल्या आपल्या माणसाला कळवावं.

"आणि दालर?" कुणीतरी विचारलं.

"सरकार परत घेईल. बदल्यात सोनं किंवा नोटा."

पहिल्यांदा बोलला तो ब्रेक्केचा ओनुन. पंचायतीचा प्रमुख, शंभर मेंढरांचा धनी, घरी वर्तमानपत्र येणारा एकमेव माणूस. "माझ्या मतानं चांगलं आहे," तो म्हणाला. "गेल्या साली मी बंदरावर सात बैल विकले. घेणारा डॅनिश. त्याचा पैसा बदलून घेईस्तोवर बदलणाऱ्यानं एक आख्खं वासरू खाल्लं माझं. शिंगासकट! नाणं एक झालं तर वासरू माझ्या गोठ्यात राहील. शिवाय चांदी आता उतरणीला लागलीय. जर्मनीवाले विकत सुटलेत. पेपरात आलंय."

चार-सहा माना हलल्या. वासराचं कुणालाही कळतं.

तारल्ड पाय ओढत पुढं आला. भाषण त्यानं जन्मात केलं नव्हतं. "ओनुनभाऊ, तुजं वासरू गेलं, वाईट झालं. आता माज्या आजीचं ऐक. आपला नवा देश झाला तवा बँकेत घालाय चांदी नव्हती. सरकारनं घरटी चांदी मागितली. फौजदार असाच ह्या दगडावर हुबा होता. माज्या आजीनं आपल्या लग्नाचं पदक छातीवरनं काढून त्याच्या टोपीत टाकलं. तुज्या आजीनं चमचे दिले. त्या चांदीवर ही बँक हुबी ऱ्हायली, तिच्यातनं दालर निघाला. तो दालर तुमी माज्याकडं आनता, मी त्याचं परत पदक करतो आन् तुमच्या सुनांच्या छातीवर लावतो. ही चांदी आपली हाय. चारशे वर्षं डेन्मार्कच्या ताटाखालचं मांजर हुतो, मग स्वीडनच्या. आता कुटं स्वतःचं नाणं खुळखुळतंय तर तेबी तिघात वाटून खायाचं? का म्हून?"

"वाटून नाही खायचं, तारल्डा. मिळून चालवायचं."

"स्वीडनसंगं मिळून एक राजा चालवतोयच की आपण. कोन चालवतंय आन् कोन चालतंय, ते बगतोय मी."

माळ हसला. त्या हसण्यातच तारल्ड जिंकला. पाद्र्याच्या ओसरीवर कागद लिहिला गेला, की ह्या खोऱ्याला हे नाणं नको. खाली सह्या नव्हत्या. आमच्याकडं प्रत्येक घराची खूण असते, मेंढराच्या कानाला आणि अवजाराच्या दांड्याला कोरतात ती. कुणाचा बाण, कुणाची फुली, कुणाची आकडी. अशा एकसष्ट खुणा त्या कागदावर उमटल्या. ओनुनची खूण तेवढी नव्हती.

जूनमध्ये बातमी आली. संसदेनं प्रस्ताव फेटाळला. आमच्या खोऱ्यातल्या एकसष्ट खुणांमुळं फेटाळला असं कुणी म्हणालं नाही, पण तारल्डनं ते कुणाला नाकारूही दिलं नाही. त्यानं दुधातली लापशी, मधोमध लोण्याचा डोळा ठेवून, साऱ्या वाडीला घातली. आणि इथंच त्याची चूक झाली. आमच्याकडं माळावर दिलेला शब्द कुणी परत घेत नाही. घेतला तर माणूस त्या माळावर परत उभा राहू शकत नाही. तारल्डला वाटलं, राजधानीतही माळ असणार. 'नको' म्हटलं म्हणजे संपलं.

त्या भरवशावरच त्यानं दीड वर्षानं मुलीचं जमवलं. मुलगी गुनवोर, एकुलती. मुलगा ओनुनचाच थोरला, क्नूत. दोघांचं आधीच जुळलं होतं, बापांना फक्त हात मिळवायचे होते. साज मुलाच्या घरनं यायचा ही रीत. जानेवारीतल्या एका रविवारी माळावर, बर्फात, ओनुननं हातमोजा काढून हात पुढं केला.

"तीस दालरचा साज घालीन सुनेला."

"तीस दालर," तारल्ड म्हणाला आणि हात हलवला. खोऱ्यात वीसच्या वर आजवर कुणी गेलं नव्हतं. तारल्डला तेव्हाच डोळ्यांपुढं पदक दिसायला लागलं. वाडग्याएवढं, तीन थरांच्या पाकळ्यांचं. आयुष्यात एकदाच करायचं आणि तेही आपल्या पोरीसाठी.

एप्रिलमध्ये संसदेनं तोच प्रस्ताव मंजूर केला.

तारल्ड आठ दिवस भट्टीबाहेर पडला नाही. नवव्या दिवशी त्यानं फौजदाराला गाठलं. "पयल्यांदा न्हाय म्हनाले, आता व्हय म्हंत्यात. ही काय लाजरी नवरी हाय काय?"

"राजकारण आहे, तारल्ड."

"माज्या भट्टीत असलं केलं असतं तर तूच मला आत घातला असतास."

मग जे झालं ते त्याला संसदेपेक्षा जास्त लागलं. एकसष्ट खुणावाले एक एक करून दालर बदलायला बंदराच्या गावी गेले. ओनुन प्रत्येकाला बजावत होता, की आज दालरला चार क्रोन मिळताहेत, सरकार तोटा सोसून देतंय, उद्या चांदी पडली की तीनही मिळणार नाहीत. आणि तो खोटं बोलत नव्हता. माणसं घोड्यावर पिशव्या घालून गेली आणि पाकिटं घेऊन आली. तारल्डच्या दारावरनं जाताना खाली बघून गेली. भट्टीत कुणी येईना. त्याच्याजवळ स्वतःचे चारच दालर होते. सोनाराला लोक बार्लीत आणि चीजमध्ये चुकतं करतात. त्याच्या घरी पैसा कधी मुक्कामाला नसायचा.

कापणीच्या जेवणावळीत बाकावर समोरासमोर बसून गाणी म्हणायची आमची रीत. एकानं चार ओळी टाकायच्या, दुसऱ्यानं चार ओळींनी फेडायच्या. राग धरायचा नाही. ओनुनच्या धाकट्या भावानं बिअरचा मग पुढं सरकवला आणि सुरू केलं:

नेसच्या सोनारा, मूस झाली थंड,
राजाशी मांडतंय केवढंसं बंड!
दालर गेला दर्याला, क्रोन आला घरी,
वाजव तुझी हातोडी रित्या ऐरणीवरी.

बाकं वाजली. सगळे तारल्डकडं बघायला लागले. त्यानं दाढीवरचा फेस पुसला आणि ओनुनकडंच बघून म्हटलं:

ब्रेक्केच्या ओनुना, कागद तुझ्या खिशात,
भिजला तर लगदा, जळला तर राख हातात.
चांदी माझी जळूनसुद्धा चांदीच राही,
राजाच्या छापखान्यात ही गंमत नाही.

ओनुन सगळ्यांत मोठ्यानं हसला. माणूस वाईट नव्हताच तो.

पुढच्या वसंतात, लग्नाला दीड महिना उरला असताना, तो भट्टीत आला. बूट दारात झटकले, बाकावर बसला आणि एक पाकीट तारल्डपुढं ठेवलं.

"एकशेवीस क्रोन. मोजून घ्या व्याही."

"हे काय?"

"साजाचे. तीस दालर म्हणालो होतो. चार-तीस एकशेवीस. कायद्यानं एकच आहे ते."

तारल्डनं पाकिटाला बोट लावलं नाही. "कायदा वितळवता येतो का मुशीत?"

"चांदीची नाणीही आणलीत, नुसता कागद नाही." ओनुननं मूठभर नवी नाणी बाकावर ओतली. पहिल्या वर्षीची होती ती. एका अंगाला 'पन्नास ओरे' आणि त्यालाच जोडून 'पंधरा स्किलिंग'. लोकांना सवय व्हावी म्हणून सरकारनं नवा आणि जुना दोन्ही हिशेब एकाच नाण्यावर छापले होते.

तारल्डनं एक उचलून उजेडात धरलं. "बेनं कुनाचं हाय तेच ठरंना म्हून दोन बापांची नावं दिल्यात का?"

"व्याही, थट्टा पुरे. करून तर बघा."

तारल्डनं करून बघितलं. दहा नाणी मुशीत टाकली, टाकणखार भुरभुरला, भाता मारला. रस निघाला तो तांबूस. कांब ठोकली, तापवली, पोलादी पट्टीच्या एकाहून एक बारीक भोकांतून ओढायला घेतली. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या भोकातून आली. चौथ्यात तट्‌कन तुटली. परत तापवून ओढली. परत तुटली. त्यानं ते दोन तुकडे ओनुनच्या तळहातावर ठेवले.

"अर्ध्याच्या आसपास तांबं हाय ह्यात. कुत्र्याच्या साखळीला चालंल."

ओनुननं ते तुकडे बोटांनी जोडून बघितले. "मग शहरातनं तयार साज आणतो," तो म्हणाला. "दुकानं भरलीत. साच्यात ठोकलेला असतो, दिसायला तसाच. मी दालर आणू कुठनं, तारल्डा? माझे सगळे गेले. साऱ्या खोऱ्याचे गेले. मीच तर नेले."

"तू हातात हात दिलावतास. माळावर."

"दिला होता. आणि पाळतोय, पैशाला पैसा."

"मी पैसा मागितला न्हवता. दालर मागितले हुते. माजी पोरगी दालरच्या चांदीत चर्चची पायरी चढंल, न्हाय तर चढणार न्हाय. सांग जा तुज्या राजाला."

ओनुन गेला. पाकीट बाकावरच राहिलं. ते ग्यूरोनं उचलून पिठाच्या पेटीत ठेवलं आणि कुणाला काही बोलली नाही.

पंधरा दिवसांनी क्नूतनं शहरातनं आणलेलं पदक गुनवोरच्या हातात दिलं. पत्र्यासारखं पातळ, मागून पोकळ. बिचाऱ्याला ते वाईट आहे हे कळत होतं आणि दुसरं काय करावं ते कळत नव्हतं. गुनवोर ते घेऊन भट्टीत आली. तारल्ड थंड भट्टीपुढं बसून चमच्याची दांडी सरळ करत होता.

"बा, मी हे लावते," ती म्हणाली.

"दाव." त्यानं पदक दोन बोटांत दाबलं. ते वाकलं.

"लांबनं कुनाला कळायचं न्हाय."

"मला कळंल."

"मग तू माज्याकडं बगू नकोस त्या दिवशी," गुनवोर म्हणाली. मग जरा मऊ होऊन म्हणाली, "जाऊ दे की बा. तुजा काय इलाज हाय? तू बोललास तेवढं बास झालं. समद्यांनी ऐकलंय. आता तुज्यानं काय हुनार?"

ती चांगल्या मनानं बोलली होती. तेच त्याला झोंबलं. राजा त्याच्या विरुद्ध गेला, संसद गेली, एकसष्ट घरं गेली, तरी त्याचा ताठा जागेवर होता. पण पोटची पोर त्याची कीव करते म्हणजे काय? तो उठला. दारामागची पहार घेतली.

"बा, काय करतोस?"

"बाजूला हो."

पहिली फळी दाराजवळची. ती आरोळी दिल्यासारखी करकरून निघाली. गुनवोरनं त्याचा दंड धरला. "बा, हे तुजं म्हातारपण हाय! अजून पंदरा-वीस वर्षं काम व्हईल तुज्यानं!"

"कशाचं काम? चमचे सरळ करायचं?" तारल्ड म्हणाला. "ह्या फळीत क्रोन न्हाय. कुणा राजानं ह्याच्यावर काय छापल्यालं न्हाय. बाजूला हो, न्हायतर दुसरी पहार घे."

गुनवोरनं दंड सोडला. मग तिनं दुसरी पहार घेतली.

भर दुपारी अंगणात त्यांनी फळ्या रचून पेटवल्या. तीस वर्षांची काजळी आणि चरबी मुरलेलं लाकूड ते. धूर काळाहिरवा आणि असा उंच गेला की वरच्या वाड्यांवरनं लोक बादल्या घेऊन धावत आले. नेसला आग लागली!

"पाणी टाकंल त्याचा हात मोडीन!" तारल्ड पहार घेऊन आगीपुढं उभा राहिला. माणसं बादल्या धरून थिजली. काय चाललंय ते कळल्यावर एक एक बादली खाली ठेवली गेली. जुन्या माणसांनी टोप्या काढल्या. सोनार फळी जाळतो तेव्हा काढतात तशा.

राख थंड व्हायला दोन दिवस लागले. मग भट्टीतली फळीखालची मातीसुद्धा खरवडून घेतली आणि ती सगळी रास नदीच्या काठी पसरट लाकडी परातीतून धुवायला काढली. ग्यूरो स्कर्ट गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात बसली. वितळलेल्या बर्फाचं पाणी, पाय निळे पडले. परात हलवता हलवता ती एकदम हसायला लागली.

"काय झालं?"

"शेवटी धुतलीच मी तुजी फळी," ती म्हणाली.

चांदी निघाली. गोळे, कण, टाचणीच्या डोक्याएवढे थेंब. सगळं एका मोठ्या मुशीत गेलं, वर स्वतःचे चार दालर गेले. तारल्डनं हे दालरही पालथेच टाकले. रस पांढरा, स्वच्छ, आरशासारखा निघाला. त्यानं पट्टीतून तार ओढली. एक भोक, दोन, पाच, नऊ. तुटली नाही. गुनवोरनं ती बोटावर गुंडाळली तर तिचं वजनच कळेना.

पुढचे चौदा दिवस तो भट्टीतून हलला नाही. फळी नव्हती म्हणून मातीवर उभा राहायचा. पदक वाडग्याएवढं झालं. तीन थरांच्या पाकळ्या, श्वास घेतला तरी हलाव्यात अशा.

लग्नाच्या आधल्या रविवारी माळावर सारं खोरं जमलं होतं. तारल्डनं तराजू टांगला. एका पारड्यात साज ठेवला. पारडं खाली टेकलं.

"तीस दालर ठरल्यालं," तो म्हणाला. "तोला."

कुणी हललं नाही. दालर आता घरात असायलाच नको होते. सगळ्यांनी बदलून आणले होते, तसं एकमेकांना सांगितलंही होतं. पुढच्या साली तर जुनं नाणं बंदच होणार होतं. फौजदार तिथंच उभा होता. तराजूची दांडी वाकडीच राहिली आणि तारल्डचं तोंड तांबडं व्हायला लागलं. तोलल्याशिवाय साज म्हणजे नुसता सोनाराचा शब्द. आणि शब्दांचं काय होतं ते ह्या दोन वर्षांत त्यानं पुरतं बघितलं होतं.

तेवढ्यात ऐंशीला टेकलेली बिर्गिट म्हातारी काठी टेकत पुढं आली. सगळ्यांकडं पाठ करून तिनं स्कर्टाच्या थरांत हात घातला. बराच वेळ घातला. "घावंना का आजे, मदत करू?" मागून कुणीतरी म्हणालं. तिनं एक रुमाल काढला, गाठ दातानं सोडली आणि पारड्यात दालर टाकला. खण्ण वाजला.

"माज्या बारशाचा हाय," ती म्हणाली. "कोन राजा मागाय येतोय बगू."

मग एक बाई पुढं आली, तिनं स्टॉकिंगमधनं दोन काढले. एका गड्यानं बुटातनं काढला. ज्यानं गेल्या कापणीला गाणं म्हटलं होतं त्या ओनुनच्या भावानं तंबाखूच्या डबीच्या तळातनं एक काढला. त्याच्या बायकोनं त्याच्याकडं असं बघितलं की घरी गेल्यावर त्याचं काही खरं नव्हतं. कुणी प्रार्थनेच्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यातनं, कुणी टोपीच्या अस्तरातनं. सगळ्यांनी बदलून आणले होते आणि सगळ्यांनी एखाददुसरा मागं ठेवला होता. माळावर हसू आणि शिव्या एकदमच सुरू झाल्या.

"ए भामट्या, शपथ घेतलीवतीस की माज्यापुढं!"

"तू घेतलीवतीस का न्हाई तेवढं सांग!"

फौजदार पाठ फिरवून नदीकडं बघत होता. नदीला त्या दिवशी बघण्यासारखं काही नव्हतं.

एकोणतीस झाले. दांडी अजून जरा वाकडी होती. हळूहळू सगळ्या माना ओनुनकडं वळल्या. तो उगाच खाकरला. मग घड्याळाच्या खिशात दोन बोटं घातली आणि एक कोरा करकरीत दालर काढला.

"नमुन्याला ठेवला होता," तो म्हणाला.

तीस. दांडी सरळ झाली, आणि मग साजाच्या बाजूला केसभर झुकली.

"फळीची चांदी म्हणे ही," ओनुन पदकाच्या पाकळ्यांना बोट लावत म्हणाला. "तुझ्याकडं आमच्या बापजाद्यांनी काय काय आणून टाकलं, तारल्डा? डॅनिश दालर होतेच. बंदरावरनं आलेले स्वीडिश होते. म्हणजे तिन्ही देशांचं एक नाणं तू तीस वर्षं तुझ्या पायाखालीच चालवत होतास की!"

लोक हसले.  हे तारल्डच्या ध्यानात आलं नव्हतं.

"व्हय," तो म्हणाला. "पर मी कुनाला बळजबरी केली न्हाय. ज्याला वाटलं त्यो आला. आन् माज्यात तांबं न्हाय."

पारड्यातला आपापला दालर ज्यानं त्यानं परत घेतला. बिर्गिट म्हातारीनं मात्र उचलला नाही. तो तिनं तारल्डच्या हातात दिला. "नातीला गुंड्या कर," म्हणाली. "घाई न्हाय. ती अजून रांगतीया." मग बुटातनं काढणाऱ्यानंही आपला ठेवला, आणि आणखी दोघांनी.

सोमवारी गुनवोर चर्चची पायरी चढली. म्हाताऱ्या माणसांनी आधी छातीकडं बघितलं, आणि त्या दिवशी तोंडाकडं बघायचं बऱ्याच जणांचं राहूनच गेलं. तारल्डनं बघितलं. तीन दिवस जेवणावळी चालल्या.

चांदी पुढं उतरलीच. ओनुन म्हणत होता तशीच. लपवलेल्या दालरला चार क्रोन कुणी देईना, मग तीनही देईना. तारल्डला हे कुणी ऐकवलं तर तो म्हणायचा, "विकायची कुनाला हाय?" एकशेवीस क्रोन ग्यूरोनं पिठाच्या पेटीतून काढले, एक गाय घेतली आणि उरल्यात नव्या फळ्या आणवल्या. तारल्डनं त्या नोटांना हात लावला नाही, पण फळ्या ठोकताना खिळे धरायला बसला. खिळे स्वीडनचे होते. लोखंड त्यांचं चांगलं असतं, हे तो आधीपासूनच म्हणत आला होता.

फळी जाळलेल्या सोनारानं दुसरी फळी टाकायची नाही ही रीत. ती त्यानं मोडली. त्याबद्दल पाद्र्यापासून फौजदारापर्यंत सगळ्यांनी त्याला विचारलं आणि सगळ्यांना त्यानं एकच सांगितलं, की रीत काय राजानं घातली होती का.

पहिल्याच शनिवारी ग्यूरो बादली, वाळू आणि जुनिपरचे शेंडे घेऊन भट्टीच्या दारात आली. फळ्या पिवळ्याधमक, राळेचा वास येणाऱ्या. बिर्गिटच्या दालरचा पहिला चुरा नुकताच त्यांच्यावर पडला होता. तारल्ड कानस घेऊन बसला होता. तो उठला नाही. चेचलेला पाय त्यानं दाराच्या उंबऱ्यावर आडवा टाकला.

"फळीला हात लावायचा न्हाय," तो म्हणाला.